इजारीवर नाव कुणाचं?

इंदापूर तालुक्यातलं डाळिंब दुबईला निघतं तेव्हा त्याच्या राहण्याची सोय आधीच झालेली असते. न्हावाशेव्याहून कंटेनर सुटतो, जेबेल अलीच्या बंदरात उतरतो आणि तिथून अल अवीरच्या फळबाजारात पोचतो. शीतगृहातली जागा बुक, तापमान ठरलेलं, भाडं आयातदाराने द्यायचं की निर्यातदाराने हेही कागदावर. त्याच तालुक्यातला माणूस त्याच शहरात उतरतो, तेव्हा यातलं फारसं काही ठरलेलं नसतं. व्हिसा असतो, नोकरीचं पत्र असतं, बॅगेत शेंगदाण्याची चटणी असते. राहायचं कुठे, हा प्रश्न विमानतळाबाहेर पडल्यावर सुरू होतो.

निमगाव केतकी हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. पानमळ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं आणि तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचं. पालखी येते त्या रात्री गावात अंगण, ओटा, शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, जिथे पाठ टेकेल तिथे वारकरी झोपतो आणि त्याला कुणी डिपॉझिट विचारत नाही. अशा गावात वाढलेल्या पोराला घर बांधायला किती पैसे लागतात ते ठाऊक असतं. घर भाड्याने मिळवण्यासाठीही लायकी सिद्ध करावी लागते, हे त्याला पहिल्यांदा पुण्यात कळतं आणि पुरतं कळतं ते दुबईत.

कोकणातली माणसं आखातात फार आधी पोचली. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा वाहायला लागला तेव्हापासून रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत मनीऑर्डरी आणि मागाहून ड्राफ्ट येत होते. आपल्याकडची मंडळी उशिरा निघाली. ऊस होता, साखर कारखाना होता, नंतर द्राक्ष-डाळिंब आलं, बारामतीला एमआयडीसी झाली. मग डाळिंबावर तेल्या रोग आला, जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून एमआयडीसीत काही वर्षं काढलेल्या पोरांनी पासपोर्ट काढले. एसी मेकॅनिक, फिटर, स्टोअरकीपर, नर्स, अकाउंटंट. ही साहेबलोकांची यादी नव्हे आणि हा लेखही त्यांच्याबद्दल नाही. बुर्ज खलिफाच्या सावलीत राहणाऱ्यांना घर शोधून द्यायला त्यांच्या कंपन्या समर्थ आहेत.

माझा एक भाचा यांपैकीच. त्याने बायकोला आणि मुलीला तिकडे न्यायचं ठरवलं त्या दिवसांत मी त्याच्याकडे गेलो होतो आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर घरं बघत हिंडलो. पहिलं घर अल नहदा भागात होतं, मेट्रोच्या ग्रीन लाइनपासून पायी जाण्याजोगं. बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि हात पसरला तर दोन्ही कठड्यांना टेकेल एवढी बाल्कनी. मी एजंटला भाडं विचारलं. तो पेशावरकडचा होता, हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलत होता. म्हणाला, साठ. मी मनात साठ हजार रुपये धरले आणि बारामतीशी तुलना करून गप्प झालो. भाच्याने मला बाजूला घेतलं.

“मामा, साठ हजार दिरहॅम. वर्षाचे.”

“मग महिन्याचे पाच हजार झाले की.”

“महिन्याला कुणी घेत नाही. भाडं विचारू नका, चेक किती ते विचारा.”

इथेच आपला माणूस पहिल्यांदा अडतो. दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक पहिल्याच दिवशी मालकाच्या हातात द्यावे लागतात. एका चेकमध्ये सगळं दिलं तर भाव उतरतो. चार चेक म्हटलं की थोडा चढतो. बारा चेक घेणारा मालक भेटला तर नशीब. म्हणजे ज्याच्याकडे पैसा साठलेला आहे त्याला घर स्वस्त आणि ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला संपतो त्याला तेच घर महाग. चेक वटला नाही तर पूर्वी थेट फौजदारी होत असे, माणसं तुरुंगात गेली आहेत. २०२२ च्या सुरुवातीपासून कायदा बदलला आणि खात्यात पैसे नसल्याने परत आलेला चेक हा मुख्यतः दिवाणी वसुलीचा मामला झाला. भीती मात्र बदललेली नाही. चेकच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात भाचा फोनवर नीट बोलत नाही, हे त्याच्या आईलासुद्धा आता कळतं.

त्या साठ हजारांच्या घराचा हिशेब आम्ही तिथेच जिन्यात उभं राहून केला. चार चेक, म्हणजे पहिला पंधरा हजारांचा. एजंटचं कमिशन वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के, तीन हजार, वर त्यावर पाच टक्के व्हॅट. डिपॉझिट पाच टक्के, आणखी तीन हजार. फर्निचरसकट घर असेल तर दहा टक्के. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी ‘देवा’कडे, म्हणजे दुबईच्या वीज-पाणी खात्याकडे, फ्लॅटला दोन हजारांची अनामत. करारनोंदणी आणि किरकोळ फी मिळून तीन-साडेतीनशे. बेरीज साडेतेवीस हजार दिरहॅमच्या आसपास गेली. दिरहॅम २४ रुपयांच्या घरात धरला तर साडेपाच लाखांहून जास्त, आणि घरात अजून गादीसुद्धा आलेली नाही.

एवढ्यावर भागत नाही. भाड्याच्या पाच टक्के महापालिकेची हाउसिंग फी असते, ती वीजबिलात दर महिन्याला लागून येते. या घराला अडीचशे दिरहॅम. आणि चिलर. वाळवंटातल्या शहरात थंड हवा ही चैन नव्हे, उन्हाळ्यात तिथे पारा ४५ च्या पुढे जातो. उघड्यावरच्या कामगारांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन कामावर उभं करायचं नाही, असा सरकारी नियमच आहे. काही इमारतींत थंड हवेचा खर्च मालक सोसतो, त्याला ‘चिलर फ्री’ म्हणतात. काहींत थंडाव्याचं बिल वेगळ्या कंपनीकडून येतं आणि त्याची अनामतही वेगळी. दोन घरांचं भाडं सारखं दिसतं आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांतल्या एकाचं बिल माणसाला घाम फोडतं. भाच्याने ते घर सोडलं ते चिलरपायी. मला आधी वाटलं, खिडकी पश्चिमेला म्हणून.

ही महागाई जुनी नाही आणि नवीही नाही. १९७५ च्या गणतीत शहराची वस्ती १ लाख ८३ हजार होती. आज ती ३८ लाखांच्या पुढे आहे आणि त्यांतले बहुसंख्य बाहेरून आलेले. २००५ ते २००८ या तेजीत भाडी अशी भडकली की सरकारला वाढीवर टक्केवारीची मर्यादा घालावी लागली. मग जगभरची मंदी आली, घरं ओस पडली. करोनात पुन्हा भाव पडले. २०२१ पासून एक्स्पो, गोल्डन व्हिसा, युक्रेन युद्धानंतर आलेला रशियन पैसा असं सगळं एकावर एक येऊन भाडी वर गेली. आपल्या फिटरचा पगार मात्र त्या वेगाने वर गेला नाही.

मग हा माणूस राहतो कुठे? मोठ्या कंपन्यांचे कामगार कंपनीच्या कॅम्पात राहतात. सोनापूर, अल कूझ, जेबेल अली. तिथे भाडं नाही, पण बायकोमुलांना जागाही नाही. उरलेले बेडस्पेस, म्हणजे खोलीतला नुसता एक पलंग, भाड्याने घेतात. लग्न झालेला, दोन पोरांचा बाप, पण बायको निमगावला असेल तर दुबईच्या घरमालकाच्या लेखी तो बॅचलर. देरा, करामा, सतवा, बर दुबई या जुन्या भागांतल्या विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले दिसतात: बेडस्पेस उपलब्ध, लोअर बेड, अमुक राज्याचे चालतील, शाकाहारी असल्यास प्राधान्य. कागद लावणंही दंडाला पात्र आहे, तरी ते रोज नवे असतात.

देरातली अशी एक खोली मी आतून पाहिली. मुळात तो दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉलमध्ये जिप्समच्या पाट्या उभ्या करून तीन कप्पे पाडलेले. खिडकी ज्याच्या वाट्याला आली त्याचं भाडं जास्त, त्याला ‘विंडो पार्टिशन’ म्हणतात. मधल्या कप्प्याला उजेड नाही. छतापासून पाट्या हातभर खाली थांबवलेल्या, एकाच एसीची हवा तिघांना मिळावी म्हणून. बाल्कनीला काच लावून तिथेही एक पलंग. बेडरूमांत लोखंडी दुमजली पलंग, प्रत्येकाला पडदा, पडद्याआड चार्जर, देवाचा फोटो आणि घरच्या पोराचा शाळेच्या कपड्यातला फोटो. संडास-बाथरूमच्या दारावर वेळापत्रक, पहाटे चारपासून. फ्रीजमधल्या डब्यांवर नावं. पलंगांचे पाय पावडरीत, ढेकणांसाठी. असा पलंग भागानुसार महिन्याला सहाशे ते हजार-बाराशे दिरहॅमला जातो, पार्टिशन त्याहून बरंच जास्त. मेसचे वेगळे.

ही खोली कुणाची? करार एकाच्याच नावावर. त्याने मालकाकडून सबंध फ्लॅट घेतला, कप्पे पाडले आणि पलंगापलंगाने दिला. मालकाला हे माहीत असतं किंवा नसतं. दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या भाडेकायद्यात मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर मूळ भाडेकरूबरोबर पोटभाडेकरूलाही बाहेर काढता येतं. त्याने नुकसानभरपाई मागायची ती मूळ भाडेकरूकडे, जो बहुधा तोवर फोन उचलेनासा झालेला असतो.

सरकार डोळेझाक करतं असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईच्या भूमी विभागाने घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव ॲपवर नोंदवायला सांगितलं. जून २०२५ मध्ये महापालिकेने रिग्गा, मुरक्कबात, सतवा, रफ्फा, बरशा या भागांतल्या बेकायदा पार्टिशनांवर धडक मोहीम काढली. कारण आगीचं आहे आणि ते खरं आहे. १५ एप्रिल २०२३ ला देराच्या अल रास भागात एका रहिवासी इमारतीला आग लागून १६ माणसं मेली, त्यांत आपले भारतीयही होते. जिप्समच्या पाट्यांमधून धुरात वाट सापडत नाही. पण पाट्या पाडल्या त्या संध्याकाळी त्यामागची माणसं ट्रॉलीबॅगा घेऊन फुटपाथवर येतात आणि पुढच्या गल्लीतलं तसलंच पार्टिशन आणखी शंभर-दोनशे दिरहॅमने महाग होतं. धोकादायक घर बंद करणं सोपं आहे. त्या पगारात परवडणारं सुरक्षित घर कुठे आहे, याचं उत्तर मोहिमेच्या बातमीत नसतं.

पार्टिशनमध्ये राहणाऱ्याची खरी गैरसोय मला ढेकणांपेक्षा दुसरीच वाटते: त्याच्या नावाचा कागद नसतो. दुबईत भाडेकराराची सरकारदरबारी नोंद होते, तिला ‘इजारी’ म्हणतात, आणि सगळं त्या इजारीवर उभं आहे. वीजजोडणी इजारीवर. कुटुंबाचा व्हिसा इजारीवर. त्यासाठी पगार किमान चार हजार दिरहॅम किंवा तीन हजार अधिक कंपनीची जागा ही अट आहे, पण ती पुरी करणाऱ्यालाही आपल्या नावाचा नोंदलेला करार दाखवावाच लागतो. भाडेतंटा केंद्रात तक्रार नोंदवायची तरी इजारी आणा. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे भरलेला बेडस्पेसवाला त्या केंद्राच्या दारात गेला तर तो कुणाचा भाडेकरूच नसतो.

आणि ज्याच्याकडे इजारी आहे त्याचं काय? हे ऐकून आपल्याकडच्या भाडेकरूंना हेवा वाटेल. २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशाने भाडेवाढ बांधलेली आहे. तुमचं भाडं त्या भागातल्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर मालकाला एक फिल्सही वाढवता येत नाही. त्याहून कमी असेल तर टप्प्याटप्प्याने ५, १०, १५ टक्के. ४० टक्क्यांहून जास्त तफावत असली तरी वाढ २० टक्क्यांवर जात नाही. सरासरी कोण ठरवतो, तर सरकारी निर्देशांक. जानेवारी २०२५ पासून तो इमारतीच्या दर्जानुसार काढतात आणि कुणालाही मोबाइलवर बघता येतो. वाढ करायची किंवा करार बदलायचा तर ९० दिवस आधी कळवायला हवं. मालकाला स्वतःला राहायचंय किंवा घर विकायचंय म्हणून काढायचं असेल तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस. व्हॉट्सॲपवरचा “पुढच्या महिन्यात खाली करा” याला किंमत नाही. तक्रारीची फी वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के, किमान ५०० दिरहॅम.

आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार नोंदवणं बंधनकारक आहे, तरी तालुक्याच्या गावी निम्मे व्यवहार “अहो, आपलीच माणसं” म्हणून तोंडी होतात. ही सवय घेऊन माणूस दुबईला जातो आणि तिथे गाववाल्याच्या भरवशावर पलंग घेतो, पावतीही मागत नाही. गाववाला फसवेलच असं नाही. पण त्याचाच करार संपला तर तो तरी काय करणार?

भाच्याने नंतर इंटरनॅशनल सिटी पाहिली. चीन, इंग्लंड, फ्रान्स, मोरोक्को अशी नावं दिलेल्या चाळीवजा इमारतींची वसाहत, अल अवीरच्या फळबाजारापासून जवळच. स्टुडिओ, म्हणजे एकच खोली आणि ओटा, वर्षाला पस्तीस ते पन्नास हजारांत. वाऱ्याची दिशा फिरली की जवळच्या सांडपाणी प्रकल्पाचा वास येतो, आणि मेट्रो अजून नाही; येणारी ब्लू लाइन तिथून जाणार आहे, ती २०२९ मध्ये सुरू करायचं ठरलंय. एजंट तो वास सांगत नाहीत, मेट्रो मात्र आत्ताच सांगतात.

शेवटी तो शारजाला गेला, जसे हजारो जातात. शारजा वेगळं अमिरात, भाडं बरंच कमी आणि २०२४ च्या तिथल्या नव्या कायद्याने पहिली तीन वर्षं मालकाला भाडं वाढवता येत नाही. त्याला बेडरूम-हॉल पस्तीस हजारांत मिळाला. वरून फायदा मोठा दिसतो. मग रोजचा प्रवास आला. शारजा-दुबई बसला एका वेळी १२ दिरहॅम, जाऊन-येऊन २४, महिन्याचे २६ दिवस धरले तर ६२४. अंतर निमगावहून बारामतीला जाण्यापेक्षा कमी, पण अल इत्तिहाद रस्त्यावर सकाळी दीड तास सहज मोडतो आणि संध्याकाळी पुन्हा तेवढाच. गाडी घेतली तर सालिकचा टोल, गर्दीच्या वेळी एका फाटकाला सहा दिरहॅम. मुलगी उठायच्या आत तो निघतो.

त्यात १६ एप्रिल २०२४ चा पाऊस. अल ऐनजवळ एका केंद्रावर २४ तासांत २५४ मिलिमीटरहून जास्त पडला. आमच्या अवर्षणप्रवण तालुक्याला हा आकडा कळावा असा आहे. शारजाच्या सखल भागांत इमारतींच्या तळघरांत पाणी शिरलं, वीज गेली, लिफ्ट बंद पडल्या आणि लोक कित्येक दिवस जिने चढत पाण्याचे बुधले वाहत होते. तेव्हापासून घर बघताना भाचा तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधतो. मला हे आवडलं. तो आता एजंटचं बोलणं ऐकत नाही, भिंत वाचतो.

त्याच्या घराचं सांगायचं तर बाल्कनीत तुळस आहे, उन्हाळ्यात तिला आत घेतात. अदिलच्या दुकानातून, म्हणजे धनंजय दातारांच्या, भाजणी आणि मेतकूट येतं. सूनबाईचं म्हणणं, “मामा, घर चांगलंय, पण शेजारी कोण राहतं ते वर्षभर कळलं नाही.” तिला पगाराची नोकरी मिळाली तर ते परत दुबईच्या हद्दीत येतील. नाही मिळाली तर मुलगी दुसरीत गेल्यावर दोघी इकडे येतील आणि तो पुन्हा बॅचलर होईल. अशी कित्येक कुटुंबं चार-पाच वर्षांत उलटी फिरलेली मला ठाऊक आहेत. भांडणाने नव्हे, बेरजेने.

तेव्हा ज्यांच्या घरातून कुणी निघायच्या तयारीत आहे त्यांना एवढंच सांगायचंय. नोकरीच्या पत्रात राहण्याची जागा कंपनीची की आपली, आणि आपली असेल तर त्याचा भत्ता किती, हे सही करण्याआधी लिहून घ्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला अमिरातींसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. तो टुरिस्ट व्हिसावर चुकवून पाठवणारा एजंट पुढे कशालाच जबाबदार राहत नाही. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही, त्याचं नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळाच्या यादीत बघा. तिथे गेल्यावर एजंटचं ओळखपत्र आणि मालकाचा मालकी दाखला पाहिल्याशिवाय, फक्त फोटो बघून, टोकन देऊ नका. चेक मालकाच्या नावाने लिहा, एजंटच्या नाही. अडचण आली तर भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा तिथला मोफत क्रमांक ८००४६३४२ आहे. आणि आपल्या नावाची इजारी हातात येईपर्यंत बायकोमुलांची तिकिटं काढू नका.